घरच्या विजेवर चालणारी दाराची बेल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंखा, फ्रिज, पाण्याची मोटार यांची काळजी सगळेच घेतात. बेलकडे मात्र ती वाजेनाशी झाली की मगच लक्ष जातं. घरातल्या सगळ्या बटणांत परक्या माणसाचे, लहान लेकरांचे आणि पावसात भिजलेले हात सर्वांत जास्त लागतात ते बेलच्या बटणाला. आपल्याकडे त्या बटणामागे पूर्ण २३० व्होल्ट उभे असतात. मराठवाड्यातल्या गावांत आणि शहरांत बेलबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. गेटवर बेल बसवायची असेल तर बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, पण तो प्रश्न जरूर वाचा.

बटण दाबल्यावर बेलच्या डबीत नेमकं काय होतं?

साधी टिंग-टाँग बेल उघडली (मेन स्विच बंद करूनच) तर आत फार काही सापडत नाही. प्लॅस्टिकच्या नळीवर केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे घातलेली कॉइल असते. त्या नळीत सहज सरकणारा लोखंडी दांडा असतो. दांड्याला एक हलकी स्प्रिंग आणि दोन्ही बाजूंना धातूच्या दोन पट्ट्या असतात. बटण दाबलं की कॉइलमधून करंट वाहतो, कॉइलचं चुंबक होतं आणि ते दांड्याला आत खेचतं. दांडा वेगात जाऊन पहिल्या पट्टीवर आदळतो, तो टिंग. बटण सोडलं की चुंबकत्व जातं, दाबलेली स्प्रिंग दांड्याला मागे ढकलते आणि तो दुसऱ्या पट्टीवर आपटतो, तो टाँग. म्हणून कोणी बटण दाबून धरलं तर टाँग येतच नाही, हात काढल्यावरच येतो.

पट्ट्यांची लांबी वेगळी असते. लांब पट्टीचा सूर खालचा, आखूड पट्टीचा वरचा. पट्टी घट्ट आवळलेली नसते, रबरावर किंवा प्लॅस्टिकच्या खुंटीवर सैल टेकवलेली असते. चांगल्या बेलमध्ये हे टेकू दोन्ही टोकांपासून लांबीच्या साधारण २२ टक्के आत असतात, कारण पट्टी थरथरते तेव्हा तेवढ्या दोन जागा जवळजवळ स्थिर राहतात. तिथे धरलं तर सूर दबत नाही. घराला रंग दिल्यावर बेल ठक्क-ठक्क वाजायला लागली, अशी तक्रार दिवाळीनंतर हमखास येते. बहुतेक वेळा पट्टीवर रंग उडालेला असतो, नाहीतर पुन्हा बसवताना पट्टी भिंतीला किंवा झाकणाला टेकलेली असते. रंग खरवडून काढा, पट्टी मोकळी करा, सूर परत येतो.

दाबून धरल्यावर गूं-गूं आवाज येतो. बेल खराब आहे का?

नाही. आपली वीज ५० हर्ट्झची एसी आहे. करंट सेकंदाला ५० वेळा पूर्ण फेरी मारतो आणि प्रत्येक फेरीत चुंबकाची ओढ दोनदा वाढते, दोनदा शून्यावर येते. म्हणजे लोखंडी दांडा सेकंदाला १०० वेळा थरथरतो. तीच ती गूं-गूं. जुन्या बझरमध्ये हीच थरथर मुद्दाम मोठी केलेली असते, एक पातळ लोखंडी पट्टी चुंबकासमोर १०० हर्ट्झने हलत राहते. टिंग-टाँगमध्ये मात्र आवाज आधी कमी होता आणि आता वाढला असेल, तर दांडा पूर्ण आत जात नाही असं समजा.

शाळेतल्या घंटेसारखी ट्रिंग-ट्रिंग बेल कशी चालते?

तिच्यात चुंबक स्वतःचाच करंट तोडतं. पट्टी खेचली गेली की घंटेवर टोला पडतो, त्याच क्षणी संपर्क सुटतो, करंट बंद होतो, पट्टी मागे येते, संपर्क पुन्हा जुळतो. बटण दाबलेलं असेपर्यंत हे चालूच. चुंबकाने दूरवरची घंटा वाजवून दाखवण्याचं काम अमेरिकेत जोसेफ हेन्री यांनी १८३१ साली केलं. स्टर्जन यांचं विद्युतचुंबक त्याआधी काही वर्षं आलेलं होतं. संपर्काच्या टोकावर ठिणगी पडून काजळी धरते, त्यामुळे ही बेल मधूनमधून पुसावी लागते. घरांतून ती जवळजवळ गेलीच आहे.

चिमणीची बेल, गायत्री मंत्राची बेल, आरतीची बेल यांत काय असतं?

त्यांत दांडा नाही, पट्ट्या नाहीत. एक छोटी सर्किटची पाटी आणि स्पीकर असतो. मंत्र किंवा धून एका चिपमध्ये साठवलेली असते. चिपला लागतात जेमतेम ३ ते ५ व्होल्ट, आणि घरात आहेत २३०. हा फरक भरून काढायला चांगल्या बेलमध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, स्वस्त बेलमध्ये एक कपॅसिटर (चार्ज साठवणारा छोटा भाग).

हा कपॅसिटरवाला प्रकार नीट समजून घ्या. ट्रान्सफॉर्मरमध्ये घरची लाईन आणि आतलं सर्किट यांचा तारेने संबंध नसतो, वीज चुंबकाच्या मार्फत पलीकडे जाते. कपॅसिटरमध्ये तसं नाही. चिपजवळ मोजलं तर ५ व्होल्ट दिसतील, पण त्याच तारेला हात लावून जमिनीवर उभं राहिलं तर शॉक बसू शकतो, कारण आतलं सगळं सर्किट थेट लाईनला जोडलेलं आहे. लाईन बंद केल्यावरही त्या कपॅसिटरमध्ये थोडा वेळ चार्ज राहतो. ‘पाच व्होल्टचं तर आहे’ म्हणून पोरांनी चालू बेल उघडून स्पीकर बदलायला घेऊ नये. विज्ञान प्रदर्शनासाठी असले प्रयोग करणाऱ्या पोरांना हे आधीच सांगून ठेवा.

उन्हाळ्यात बेल फक्त ‘टक’ करते, टिंग येत नाही. का?

लाईन डिम आहे, म्हणजे व्होल्टेज कमी आहे. कॉइलची ओढ करंटच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे व्होल्टेज थोडं उतरलं तरी ओढ बरीच उतरते. २३० च्या जागी १८० व्होल्ट आले तर ओढ साधारण ६० टक्क्यांवर येते आणि १६० आले तर निम्म्याच्याही खाली. दांडा निघतो, पण पट्टीपर्यंत जोराने पोचत नाही. गावठाण आणि शेतातल्या मोटारी एकाच डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) असल्या की रब्बीत गव्हाला पाणी सुरू झालं किंवा उन्हाळ्यात कूलर लागले की संध्याकाळी हेच होतं. नियमाप्रमाणे घरगुती पुरवठा २३० व्होल्टच्या ६ टक्के खाली-वर, म्हणजे साधारण २१६ ते २४४ मध्ये असायला हवा. रोज संध्याकाळी बेल मुकी होत असेल तर बेल बदलू नका. मल्टिमीटरने प्लगवरचं व्होल्टेज मोजा, आकडा आणि वेळ लिहून ठेवा आणि महावितरणकडे लेखी तक्रार द्या. ज्या व्होल्टेजला बेल वाजत नाही, त्याच व्होल्टेजवर फ्रिजचा कॉम्प्रेसर आणि बोअरची मोटार झिजत असते.

सकाळी लाईन भरपूर असतानाही बेल नुसती टक करत असेल, तर दोष दांड्यात आहे. नळीत धूळ बसलेली असते.

नळीत थोडं तेल सोडलं तर चालेल का?

चालणार नाही. दोन दिवस दांडा छान सरकेल, मग त्या तेलावर आपल्याकडची धूळ बसून चिखल होईल आणि दांडा कायमचा अडकेल. लाईन बंद करा, दांडा काढा, कोरड्या सुती फडक्याने दांडा आणि नळी पुसा, बस्स. नळीत पाल शिरून मेलेली सापडणं किंवा बटणाच्या मागे मुंग्यांनी घर केलेलं असणं हे नेहमीचं आहे. भिंतीतून वायर येते त्या भोकाभोवती थोडी पुट्टी लावली की हा त्रास बराच कमी होतो.

बटण अडकून राहिलं तर बेल जळते का?

जळू शकते. बेलची कॉइल काही सेकंदांच्या कामासाठी बनवलेली असते. शिवाय एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. एसीवर, दांडा आत गेल्यावर कॉइलचा अडथळा वाढतो आणि करंट कमी होतो. दांडा धुळीने बाहेरच अडकला तर करंट चढाच राहतो. बटण दाबलेलं आणि दांडा अडकलेला, असं दोन्ही एकदम झालं की कॉइलचं वार्निश करपतं, वास येतो, प्लॅस्टिकची नळी वितळते आणि बेल संपते. करपल्याचा वास आला तर बटणाशी खटपट करत बसू नका, सरळ मेन स्विच पाडा. गल्लीतली लेकरं बटणात आगकाडी खुपसून पळतात, त्याचा परिणाम इथपर्यंत जातो हे त्यांना समजावून सांगावं.

बटण फेजवर असावं की न्यूट्रलवर?

फेजवर. फेजची वायर (लाल, पिवळी किंवा निळी) बटणातून बेलला जावी, काळी न्यूट्रल थेट बेलला. उलटं केलं तरी बेल वाजते आणि म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षं लपून राहते. न्यूट्रलवर बटण असेल तर बेलच्या डबीत चोवीस तास करंट उभा असतो. कोळ्याची जाळी काढायला झाकण उघडलं, बटण कोणी दाबलेलं नाही म्हणून निर्धास्तपणे आत बोट घातलं, आणि शॉक बसला असं होतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. फेज-न्यूट्रल बरोबर लावलं म्हणजे बटण सुरक्षित झालं असं नाही. बटणाच्या एका टोकाला दोन्ही पद्धतींत करंट असतोच. न्यूट्रलवर असेल तर तो कॉइलमधून येतो, पण माणसाला धोका व्हायला तेवढा पुरतो. बटण उघडायचं तर एमसीबी (बोर्डातला, जास्त करंट झाला की आपोआप पडणारा स्विच) पाडूनच. टेस्टर पेटला नाही म्हणजे करंट नाही, यावरही विसंबू नका.

गेटवर बेल बसवायची आहे. काय काळजी घ्यावी?

अमेरिकेतल्या बहुतेक घरांत बेलला १६ व्होल्ट देणारा ट्रान्सफॉर्मर असतो, ब्रिटनमध्ये ८ व्होल्टचा सर्रास चालतो. बेलसाठीच्या अशा ट्रान्सफॉर्मरचं आयईसी ६१५५८-२-८ हे वेगळं आंतरराष्ट्रीय मानक आहे. तिथे पाहुण्याच्या बोटाखाली असतात ८ किंवा १६ व्होल्ट. आपल्याकडे दाराच्या आतल्या बाजूला, कोरड्या व्हरांड्यात २३० व्होल्टचं बटण वर्षानुवर्षं चालत आलं आहे आणि तिथे ते ठीकही आहे. तेच बटण उचलून उघड्या गेटवर नेणं ठीक नाही. हे मी प्रत्येक घरी सांगतो आणि पुढेही सांगत राहणार.

गेटवर काय घडतं ते बघा. घरापासून गेटपर्यंत पीव्हीसी पाइपातून वायर जमिनीखालून नेतात. आपली जमीन काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते. दरवर्षीच्या या ओढाताणीत पाइपाचे जोड सुटतात, पाणी आत शिरतं आणि घुशींनी कुरतडलेली वायर त्या पाण्यात पडून राहते. वर गेटच्या लोखंडी पत्र्यालाच बटण स्क्रूने ठोकलेलं असतं. वायरचं आवरण पत्र्याच्या कडेला घासलं की अख्ख्या गेटमध्ये करंट उतरतो. मृगाच्या पहिल्या पावसात दूधवाला ओल्या पायांनी उभा राहून गेटची कडी उघडतो. एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

यावरचा उपाय महाग नाही. घरात १२ व्होल्टचा चांगल्या प्रतीचा अडॅप्टर लावा, त्यावर १२ व्होल्ट कॉइलचा छोटा रिले (चुंबकाने चालू-बंद होणारा स्विच). गेटवरचं बटण फक्त या १२ व्होल्टच्या वाटेत बसवा. बटण दाबलं की घरातला रिले ओढला जातो आणि त्याचा संपर्क तुमची २३० व्होल्टची नेहमीची टिंग-टाँग वाजवतो. जुनी बेलही राहते आणि गेटपर्यंत फक्त १२ व्होल्ट जातात. रिलेला लागतात ३०-४० मिलिअँपिअर, त्यामुळे शंभर फुटांवर ०.५ चौरस मिलिमीटरची बारीक वायरसुद्धा पुरते, व्होल्टेज एक दशांश व्होल्टच्या आसपासच घटतं. १२ व्होल्टची वायर आणि २३० ची वायर एकाच पाइपातून मात्र नेऊ नका, नाहीतर सगळा खटाटोप वाया जाईल. रिले आणि २३० चे जोड बंद डबीत ठेवा. वायरिंगची सवय नसेल तर हे काम वायरमनकडूनच करून घ्या, त्याला हा परिच्छेद दाखवला तरी समजेल.

बटण लोखंडी गेटवर नको, शेजारच्या खांबावर पावसाची झड लागणार नाही अशा बाजूला, वर छोटा छज्जा देऊन बसवा.

गेटवर आधीच २३० व्होल्टचं बटण आहे. आता काय?

पावसाळ्याआधी त्या लाईनचा एमसीबी पाडा आणि बटण उघडून बघा. गंज, हिरवट पूड, ओल, काळपटपणा यांपैकी काहीही दिसलं तर ती लाईन पुन्हा चालू करू नका. गेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात असं घरातल्या कोणी एकदा जरी म्हटलं तरी ते हसण्यावारी नेऊ नका. घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर बसवून घ्या. माणसाच्या अंगातून जमिनीकडे करंट जाऊ लागला की तो क्षणात लाईन तोडतो, हे काम एमसीबी करत नाही. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात अधूनमधून पाणी घालत राहा. टंचाईतसुद्धा धुण्याचं एक बादली पाणी त्याला द्यावं.

बटणावरचा लाल दिवा दिवसरात्र जळतो. बिल वाढतं का?

बेल १० वॅटची धरा, एकदा वाजायला दोन सेकंद, दिवसात ५० वेळा. वर्षभराचं होतं साधारण ०.१ युनिट. तो इवलासा निऑन दिवा घेतो एक-दोन दशांश वॅट, पण चोवीस तास. वर्षाला एक-दीड युनिट. म्हणजे दिवा बेलपेक्षा दहापट जास्त वीज खातो, आणि तरीही रक्कम किरकोळच. अंधारात म्हाताऱ्या माणसाला बटण सापडतं, त्यासाठी तो असू द्यावा.

बेल आपोआपच चिवचिवते. कोणी नसताना!

तोच लाल दिवा कारण असू शकतो. तो बटणाच्या दोन टोकांमध्ये जोडलेला असतो, म्हणजे बटण न दाबताही त्याच्यामार्फत बेलमधून अगदी थोडा करंट वाहतो. टिंग-टाँगच्या कॉइलला तेवढ्याने काही होत नाही. इलेक्ट्रॉनिक बेलचा कपॅसिटर मात्र त्यावर हळूहळू भरतो आणि मधूनच चिवचिवाट होतो. दिवा नसलेलं बटण लावा. तरीही वाजली तर बटणात ओल आहे. रात्री-अपरात्री वाजणाऱ्या बेलमुळे घरात भलत्याच शंका निघतात. आधी बटण उघडून बघावं.

लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर बेल चालेल का?

साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी गोलसर लाट देणाऱ्या) इन्व्हर्टरवर कोणतीही चालते. स्क्वेअर वेव्हवर (चौकोनी लाट) टिंग-टाँग जास्त गुरगुरते, पण चालते. कपॅसिटरवाली मंत्राची बेल स्क्वेअर वेव्हवर टाळा, त्या लाटेच्या उभ्या कडांमुळे कपॅसिटरमधून करंटचे झटके जातात आणि आतले भाग तापतात. बेलची लाईन इन्व्हर्टरच्या सर्किटवर घेतली असेल तर दुरुस्तीच्या वेळी मेन पाडून भागत नाही, इन्व्हर्टरही बंद करावा लागतो. हे विसरून पुष्कळांनी शॉक खाल्ले आहेत.

वरच्या मजल्यावर दुसरी बेल हवी, किंवा मागच्या दाराला दुसरं बटण हवं.

दोन्ही समांतर जोडायचं. दोन बेल एकामागे एक जोडल्या तर प्रत्येकीला सुमारे ११५ व्होल्ट मिळतात, ओढ चौथाईवर येते आणि एकही वाजत नाही.

ऑनलाइन मागवलेली व्हिडिओ बेल जुन्या बेलच्या वायरला जोडू का?

आधी डब्यावरचा आकडा वाचा. परदेशी बाजारासाठी बनलेल्या वायरवाल्या व्हिडिओ बेल बहुतेक १६ ते २४ व्होल्ट एसीवर चालतात. आपल्या बेलच्या वायरमध्ये २३० आहेत. जोडताक्षणी ती जळेल. तिच्यासाठी योग्य व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर घरात लावावा लागतो आणि बेलची जुनी वायर २३० पासून पूर्ण सोडवावी लागते. बॅटरीवर चालणारी घेतली तर हा प्रश्नच येत नाही.

बिनवायरची बेल कशी?

गेटसाठी उत्तम. बटणात छोटी बॅटरी, घरातला भाग प्लगमध्ये. बऱ्याच बेल ४३३ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालतात. खोक्यावर लिहिलेलं अंतर मोकळ्या मैदानातलं असतं. जुन्या वाड्याच्या किंवा माळवदाच्या घराच्या दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती आणि आजकालचे लोखंडी दरवाजे तो सिग्नल बराच अडवतात. विकत घेताना परत करण्याची सोय विचारून घ्या, आधी बटण गेटवर हातात धरून दाबून बघा, मगच भोकं पाडा. शेजाऱ्याची बेल तुमच्या घरात वाजत असेल तर दोघांचा कोड एकच आहे. घरातल्या भागावरचं बटण दाबून धरून नवा कोड शिकवता येतो, कृती माहितीपत्रकात असते. बटण पश्चिमेच्या उन्हात लावू नका, आपल्याकडच्या ४२-४३ अंशांत प्लॅस्टिक तडकतं आणि बॅटरी लवकर उतरते.

नवीन बेल घेताना दुकानात काय बघावं?

आयएसआय चिन्ह, डबीवर २३० व्होल्ट ५० हर्ट्झ लिहिलेलं, आणि दुकानदाराकडून वाजवून घेतलेला आवाज. घरात आजी-आजोबांना कमी ऐकू येत असेल तर टिंग-टाँग घ्या, धातूच्या पट्टीचा खालचा सूर त्यांना चिमणीच्या बारीक आवाजापेक्षा सहसा चांगला ऐकू जातो. बटण बेलसोबत फुकट मिळालेलं वापरू नका. बेल-पुश म्हणून मिळणारं, दाब सोडला की खाडकन मागे येणारं बटण वेगळं घ्या, कारण आधी बिघडतं ते बटणच.